सी मधलं फ्रीओपन : धरमकाट्यावर सहा महिने वापरून

पाचपैकी साडेतीन स्टार. एक स्टार विचार करून कापला, अर्धा रागात.

फ्रीओपन म्हणजे सी या प्रोग्रॅमिंग भाषेतलं एक तयार फंक्शन. आधी नावाचं. भाचा याला 'फ्री ओपन' म्हणतो, जसं काही कुठं फुकटात उद्घाटन आहे. खरं ते 'एफ रीओपन'. फाइल पुन्हा उघडणं. पण बोलताना मीही आता फ्रीओपनच म्हणून राहिलो, म्हणून इथंही तेच.

आमचा धरमकाटा नागपूरच्या कळमना बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. काट्याच्या इंडिकेटरमधून सिरियल केबलनं वजन कॉम्प्युटरात येतं आणि सी मधला एक प्रोग्रॅम ते पडद्यावर टाकतो : गाडी नंबर, भरती वजन, खाली वजन, निव्वळ, वेळ. हा प्रोग्रॅम मीच लिहिला, डोक्यावर केस होते तेव्हा. त्यात तीनशेच्या वर प्रिंटएफ, म्हणजे पडद्यावर छापायच्या आज्ञा, आहेत. सप्टेंबरात, संत्र्याचा आंबिया बहार बाजारात यायच्या आधी, अडते म्हणाले की रोजची नोंद रोजच्या वेगळ्या फाइलमध्ये पाहिजे. मी तीनशे प्रिंटएफ एकेक करून एफप्रिंटएफ (फाइलमध्ये छापायची आज्ञा) करायला बसलो. भाचा मागून पाहत होता.

"मामा, काऊन एवढा ताप करून घेऊन राहिले? मेनमध्ये वरच एक ओळ टाका ना."

मेन म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो तो भाग, आणि ती ओळ म्हणजे फ्रीओपन. त्याला तीन गोष्टी द्यायच्या : नव्या फाइलचं नाव, मोड आणि कोणता स्ट्रीम, म्हणजे मजकूर जायची-यायची कोणती वाट. मी दिलं आजच्या तारखेचं नाव, 'ए' म्हणजे शेवटी जोडत जा, आणि एसटीडीआउट, म्हणजे प्रिंटएफ ज्या वाटेनं पडद्यावर लिहितो तो स्ट्रीम. ट्रॅक्टर तोच, मागची ट्रॉली सोडून दुसरी जोडली. तीनशे प्रिंटएफना पत्ताही लागला नाही की आपण आता पडद्यावर नाही, फाइलमध्ये लिहून राहिलो. एफओपन (फाइल उघडायचं साधं फंक्शन) करून त्याचं उत्तर सरळ एसटीडीआउटमध्ये भरता येत नाही का, हा प्रश्न मलाही पडला होता. काही ठिकाणी चालून जातं, पण एसटीडीआउटला नवी किंमत देता आलीच पाहिजे अशी हमी भाषेचं स्टँडर्ड देत नाही. फ्रीओपन मुख्यतः याचसाठी आहे, असं स्टँडर्डच्या तळटीपेतच लिहिलं आहे. १९८९ च्या एएनएसआय सी पासून ते तिथं आहे, म्हणजे माझ्या काट्यापेक्षा जुनं. या कामाला पाचपैकी पाच.

आता रड.

परतीच्या पावसात एका संध्याकाळी लाइन गेली. आली तेव्हा फाइलमध्ये शेवटच्या पन्नासेक गाड्या नाहीत. पडद्यावर लिहिताना एसटीडीआउट दर ओळीला माल पुढं ढकलतो. तोच फाइलकडे वळवला की, निदान माझ्या डेबियन लिनक्सवरच्या जीलिबसी या सी लायब्ररीमध्ये, पूर्ण बफर (माल साठवायची मेमरीतली जागा) भरेपर्यंत थांबतो. बफर ४०९६ बाइटचा, माझी एक ओळ साधारण ८० बाइटची. हिशोब तुम्हीच करा. उपाय सोपा आहे, फ्रीओपन झाल्याबरोबर, काहीही छापायच्या आधी, सेटव्हीबफनं ओळीचं बफरिंग लावायचं. पण तेवढ्यानं ओळ फक्त कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, हातात जाते. डिस्कवर उतरलीच पाहिजे असेल तर वरून एफसिंक. मी दोन्ही केलं आणि एक यूपीएसही घेतला.

दुसरा फटका जास्त लागला. दर महिन्याला वेगळं फोल्डर ठेवायचं ठरवलं होतं आणि डिसेंबरचं बनवायला विसरलो. रात्री बाराला प्रोग्रॅम फाइल बदलायला गेला. फ्रीओपन फाइल नसेल तर बनवतं, फोल्डर बनवत नाही. त्यानं नल, म्हणजे 'जमलं नाही' अशी खूण, परत दिलं. इथवर ठीक. पण तोवर जुनी फाइलही बंद झालेली असते! नवी मिळो न मिळो, जुनी गेली. आणि माझी अक्कल पाहा : नल आलं तर 'फाइल उघडली नाही' असा संदेश द्यायचा, हे मी लिहून ठेवलं होतं. प्रिंटएफनंच. म्हणजे त्याच बंद पडलेल्या एसटीडीआउटवर. सकाळपर्यंत काटा गाड्या मोजून राहिला आणि नोंद कुठंच नाही. दुसऱ्या दिवशी एक ड्रायव्हर विचारतो, "काकाजी, माझी गाडी आलीच नव्हती का काल?" कापलेला अर्धा स्टार तो हाच.

पूर्ण स्टार गेला तो परतीच्या रस्त्यासाठी. एकदा एसटीडीआउट वळवला की मूळ जागी आणायची सोय सी च्या स्टँडर्डमध्ये नाही. लोक '/डेव्ह/टीटीवाय', म्हणजे टर्मिनलची फाइल, उघडा म्हणतात, पण प्रोग्रॅम सर्व्हिस म्हणून चालत असेल तर तिथं टर्मिनलच नसतं. युनिक्सवर खरा उपाय म्हणजे जायच्या आधी डूप करून जुन्या डिस्क्रिप्टरची (उघड्या फाइलच्या नंबरची) नक्कल बाजूला ठेवायची, आणि परतताना एफफ्लश करून (बफरातला माल पुढं ढकलून) डूप-टूनं ती नक्कल जागेवर बसवायची. चालतं, पण मग ते फ्रीओपनचं कौतुक नाही.

फाइलच्या नावाजागी नल देऊन फक्त मोड बदलायची सोय सी९९ (१९९९ चं स्टँडर्ड) पासून आहे, पण कोणते बदल चालतील ते ज्याच्या त्याच्या लायब्ररीवर. मी त्या वाटेला गेलो नाही. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा कंपायलर फ्रीओपन पाहिलं की फ्रीओपन-एस वापरा म्हणून कुरकुरतो, ते आपलं पाहून घ्या.

भाच्याचा अनुभव वेगळा. कोडिंगच्या स्पर्धांच्या सरावाला तो एसटीडीआयएनला (इनपुट यायच्या स्ट्रीमला) इनपुटची फाइल लावतो, एसटीडीआउटला आउटपुटची. रोज तेच आकडे हातानं टाकावे लागत नाहीत. एकदा त्या दोन ओळी न काढताच सबमिट केलं आणि जजच्या, म्हणजे उत्तर तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हाती कोरा आउटपुट. आता तो त्या ओळी 'ऑनलाइन जज'च्या इफएनडेफमध्ये गुंडाळून ठेवतो, म्हणजे जजकडे त्या आपोआप गळतात. त्याच्या मते पाचपैकी पाच. त्याच्या काट्यावर गाड्या येत नाहीत.

सध्या माझ्या प्रोग्रॅममध्ये फ्रीओपन एकाच जागी उरलं आहे, सकाळी सुरू होताना. तिथं नल आलं तर एसटीडीईआरआरवर (चुका सांगायच्या वेगळ्या स्ट्रीमवर) ओरडून प्रोग्रॅम बंद होतो, आणि समोर माणूस उभा असतो. रात्री बाराला मात्र आधी एफओपननं नवी फाइल उघडतो, उघडली तरच एफफ्लश करून डूप-टू. नाही उघडली तर कालच्याच फाइलमध्ये लिहीत राहतो. तारीख चुकते, पण गाडी चुकत नाही.