फ्रेनेल प्रिझमची पट्टी, बाबांच्या चष्म्यावर तीन महिने वापरून

आधीच सांगते, ही पट्टी डोळा सरळ करत नाही, फक्त प्रकाश वळवून दोन दिसतंय ते एक करते, तेही समोर बघताना. बाबांना ब्रेनस्टेममध्ये (मेंदूचा खालचा देठ), त्यातल्या पॉन्स नावाच्या मधल्या भागाच्या डाव्या बाजूला स्ट्रोक आला. डोळा बाहेर वळवणारी सहावी नस तिथूनच निघते, त्यामुळे डावा डोळा नाकाकडे ओढलेला. आणि तोंड डावीकडे लुळं पण ताकद उजव्या हाताची गेलेली, आम्हाला वाटलं रिपोर्टच चुकलाय, पण हाताच्या नसा त्याच्याही खाली जाऊन बाजू बदलतात म्हणून असं होतं. चूक आमचीच, पहिल्या दिवशी नुसतं डबल दिसत होतं तेव्हा आम्ही नंबर वाढला म्हणून चष्म्याच्या दुकानात गेलो, थेट इमर्जन्सीत जायला हवं होतं.

पेपर आरामात वाचायचे, टीव्हीवर मात्र बातम्या देणाऱ्या बायका दोन. मान सतत डावीकडे वळवून बसायचे, म्हणजे डाव्या डोळ्याला बाहेर वळावं लागायचं नाही आणि दोन दिसणं टळायचं.

पहिले तीन आठवडे एका काचेवर नुसती सेलोटेप, म्हणजे तो डोळा झाकून एकच दिसावं. मग 20 पॉवरची (प्रिझमची पॉवर, चष्म्याचा नंबर नव्हे) पट्टी दिली. पातळ लवचिक प्लास्टिक, त्यावर बारीक उभ्या रेघा, दीपगृहाच्या भिंगाचंच तत्त्व. गोंद नाही, पाण्यात भिजवून काचेला आतून चिकटवायची, प्रिझमची जाड बाजू कानाकडे. दुकानातल्या पोराने बाहेरून लावून दिली होती, दोन दिवसांत रेघांत धूळ भरली, शेवटी मीच परातीत पाणी घेऊन काढली आणि नीट लावली. साफ करायला मऊ टूथब्रश.

त्रास आहेतच. पट्टी लावलेल्या डोळ्याने जरा धुरकट दिसतं, रात्री दिव्यांना रंगीत कड येते, आणि डावीकडे नजर गेली की परत दोन, म्हणून रस्ता क्रॉस करताना मी हात धरतेच. पण दोन महिन्यांनी डोळा सुधारला तशी 20 ची काढून 12 ची लावली, चष्मा तोच. काचेतच पक्का प्रिझम घ्यायची घाई करू नका, डोळा बरेच महिने एका जागी टिकल्यावरच तो करतात.

सगळ्यांना चालत नाही हं. ओपीडीत एक काका होते, त्यांचाही ब्रेनस्टेमचाच स्ट्रोक, पण दोन्ही डोळ्यांना एकत्र वळवणारी तार बिघडलेली, उजवीकडे बघितलं की डावा डोळा मागेच राहायचा आणि उजवा थरथरायचा. समोर बघताना एकच दिसायचं. म्हणून त्यांना पट्टी नाहीच दिली, सेलोटेपवरच ठेवलं.