विद्यापीठाचा परीक्षा विभाग : पेपर क्लॅश झाला तर 3.5 स्टार, पेपर चुकला तर 1

आधीच सांगते, विद्यापीठाचं नाव लिहिणार नाहीये, मार्कशीट अजून त्यांच्याच ताब्यात आहे. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. टीवाय बीकॉम, सेम सहा रेग्युलर आणि सेम पाचचा कॉस्टिंगचा केटी, म्हणजे राहिलेला पेपर पुन्हा द्यायचा, असा माझा संसार होता, आणि एका महिन्यात यांच्या दोन्ही सर्व्हिस वापरून झाल्या म्हणून एकत्रच लिहितेय.

पहिली क्लॅशची. हॉल तिकिटं दोन आली, रेग्युलरचं वेगळं, केटीचं वेगळं, दोन्हीवर सीट नंबर वेगळे. शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर एकाच तारखेला साडेदहाला इकॉनॉमिक्स आणि साडेदहालाच कॉस्टिंग. फॉर्म एकाच पोर्टलवर भरलेले, पीआरएन म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा नोंदणी नंबर एकच, तरी सिस्टीमला पत्ता नाही की ही एकच मुलगी आहे आणि तिला बूड एकच आहे. कॉलेजच्या ऑफिसमध्ये गेले तर मॅडम म्हणाल्या, "अगं असं होतच नाही." दोन्ही तिकिटं समोर ठेवली तेव्हा म्हणाल्या, "हो गं, झालंय."

मग विद्यापीठात. कॉलेजचं पत्र, दोन्ही हॉल तिकिटांच्या झेरॉक्स आणि अर्ज, एवढंच लागतं, पण हे वेबसाईटवर कुठेही लिहिलेलं नाही. मला सांगितलं ते खिडकीबाहेर स्टुलावर बसणाऱ्या शिपाईकाकांनी. "वेळापत्रक लागल्यापासून आठ दिवसांत आणायचं, नववा दिवस झाला की साहेब हात लावत नाहीत." माझा सातवा दिवस होता. बाकी सगळं डिपार्टमेंट एकीकडे आणि हे काका एकीकडे, अर्धा स्टार त्यांचाच आहे.

आणि खरं सांगू का, पुढचं काम एकदम व्यवस्थित झालं. चार दिवसांत कॉलेजला मेल आला, इकॉनॉमिक्स सकाळी, कॉस्टिंग दीडला. पण कॉस्टिंगची प्रश्नपत्रिका बाकी सेंटरवर सकाळीच फुटलेली म्हणजे वाटून झालेली असणार, म्हणून मधला अर्धा तास आम्हाला बाहेर सोडत नाहीत. आम्ही चौघंजण होतो, मोबाईल सकाळीच पाकिटात घालून जमा, एका वर्गात बसवलं, दारात एक मॅडम, बाथरूमला जायचं तर सोबत बाई. डबा आणायचा हे कुणी सांगितलं नव्हतं, मग त्या मॅडमनीच स्वतःच्या पैशाने चार वडापाव मागवले आणि वडापावचा कागदसुद्धा उलटसुलट बघून मग आमच्या हातात दिला 😂 हसू नका, त्या कागदावर खरंच कुणाच्या तरी अकाउंट्सच्या नोट्स होत्या. पाच तास लिहून बोटं वाकडी झाली ते सोडा, पण पेपर बुडला नाही, जादा फी नाही, कुणी उपकार केल्यासारखं बोललं नाही.

आता दुसरी सर्व्हिस, म्हणजे जी नाहीच आहे ती. शेवटचा टॅक्सचा पेपर राहिला होता, आदल्या रात्री 103 ताप, पहाटे ॲडमिट, टायफॉईड. पप्पा सकाळी नऊला कॉलेजमध्ये जाऊन सांगून आले, चार दिवसांनी डिस्चार्ज कार्ड, ब्लड रिपोर्ट, डॉक्टरांचं सर्टिफिकेट सगळं घेऊन मी त्याच खिडकीवर. उत्तर मिळायला दोन मिनिटं लागली. विद्यापीठाचा पेपर चुकला तर चुकला, कारण काहीही असो, पुढच्या सत्रात केटी म्हणून फॉर्म भरायचा, फी पुन्हा भरायची. फर्स्ट इयरला परीक्षा कॉलेज घ्यायचं तेव्हा मेडिकल चालायचं, खेळाडू आणि एनसीसीवाल्यांना पण वेगळा पेपर मिळायचा, आमच्या वर्गातल्या कबड्डीवाल्याने दिलेला मी स्वतः बघितलाय. तिसऱ्या वर्षाला ते सगळं बंद. म्हणजे टायफॉईड व्हायचाच होता तर दोन वर्षं आधी व्हायला हवा होता.

मी विचारलं, क्लॅशवाल्या चौघांसाठी वेगळी वेळ काढता तशी आजारी मुलांसाठी महिनाभराने एक तारीख का नाही ठेवत? तर म्हणे नवीन प्रश्नपत्रिका काढावी लागते. बरोबर आहे, क्लॅशला तोच पेपर चालतो, इथे दुसरा सेट लागणार. पण सेट तर आधीच दोन-तीन काढून ठेवलेले असतात ना, एक फुटला तर दुसरा असावा म्हणून! यावर साहेब नुसते चष्मा पुसत बसले.

माझी मावसबहीण अमेरिकेत शिकते, तिच्याकडे एका दिवसात तीन फायनल आल्या तर एक हलवून मिळते आणि आजारी पडलं तर निकालात 'इनकम्प्लीट' लावून नंतर मेकअप म्हणजे बदली परीक्षा घेतात. फोनवर ऐकून मी म्हटलं, गप बस, जखमेवर मीठ चोळू नकोस. तिकडच्या फीमध्ये इकडे अख्खं कॉलेज येईल हेही आहे म्हणा.

आपल्याकडे तारीख हलते ती पाऊस पडला तर नाहीतर पोरं रस्त्यावर बसली तर. 2024 च्या ऑगस्टमध्ये एमपीएससीची पूर्व परीक्षा आणि बँकेची आयबीपीएस 25 तारखेला एकत्र आली, पुण्यात मुलांनी आंदोलन केलं, मग पूर्व पुढे ढकलली आणि ती 1 डिसेंबरला झाली. टायफॉईडची एकटी मुलगी कुठे बसणार आंदोलनाला, सलाईन घेऊन?

बरं महाराष्ट्राच्या 2016 च्या विद्यापीठ कायद्यात कलम 89 आहे, निकाल 30 दिवसांत लावायचा प्रयत्न करा, फार तर 45. मुंबई विद्यापीठाचे 2017 चे निकाल लटकले तेव्हा राज्यपालांनी कुलगुरूंना काढलं होतं, म्हणजे उशीर झाला तर वरपर्यंत हलतं. माझा निकाल मात्र वेळेत, चाळिसाव्या दिवशी आला. टॅक्ससमोर 'एबी', म्हणजे गैरहजर. कॉस्टिंग 61, त्या वडापाववाल्या पेपरात! एमकॉमचं ॲडमिशन सहा महिने लांबलं आणि एका सीएकडे आर्टिकलशिप (सीए व्हायचं ट्रेनिंग) नाही पण असिस्टंट म्हणून लागणार होते ते पण "डिग्री झाल्यावर ये" वर गेलं.

कुणाला जायचं असेल तर अकरानंतर आणि दोनच्या आत जा, अर्ज दोन प्रती करा, आवकचा शिक्का आपल्या प्रतीवर मारून घ्या आणि तिथेच फोटो काढा. डबा न्या.

नोव्हेंबरचा फॉर्म भरलाय. यावेळी एकच पेपर आहे, तरी हॉल तिकीट आल्यावर दोनदा बघितलं.