छोट्या वेबसाइटसाठी पीएचपी: काही महिने वापरल्यावर काय वाटतंय

माझी प्रोजेक्ट्स साधी असतात, चार-पाच पानं, एक फॉर्म, मागे एखादी यादी आणि ती बदलायला लॉगिन. आधी हेच फ्लास्कमध्ये (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आणि नोडमध्ये (यात सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालते) पण केलंय, गेले काही महिने मात्र सगळं पीएचपीत, म्हणजे सर्व्हरवर चालून वेब पानं तयार करणाऱ्या भाषेत.

खरा फरक साइट लाइव्ह करताना कळतो. पीएचपीची फाइल साध्या शेअर्ड होस्टिंगवर (एकच सर्व्हर अनेक साइट्स वाटून घेतात तिथे) टाकली की झालं. फ्लास्कमध्ये कोड लिहायला जास्त छान वाटतं, भाषा म्हणून पायथनच नीटनेटकी आहे, पण मग अ‍ॅप सतत चालू ठेवायला गनिकॉर्न लावा, त्याच्यापुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवा, सर्व्हर रीस्टार्ट झाला तर सगळं आपोआप परत सुरू होतंय ना ते बघा. एवढ्याशा साइटला हे कशाला? नोडमध्ये तर एखादी एरर पकडायची राहिली की अख्खी प्रोसेसच बंद पडते. पीएचपीत प्रत्येक रिक्वेस्ट नव्याने सुरू होते आणि संपली की मेमरी मोकळी, त्यामुळे एक पान गंडलं तरी बाकीची साइट चालू राहते, आणि छोट्या कामाला मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

वैताग पण आहे. स्ट्रिंगमध्ये शोधताना आधी स्ट्रिंग द्यायची आणि मग काय शोधायचं ते, अ‍ॅरेमध्ये शोधताना बरोबर उलटं, दर वेळी मॅन्युअल उघडावं लागतं.

आणि कळकळीने सांगतो, जुनी ट्युटोरियल्स वापरू नका. भाषा १९९५ पासूनची, त्यामुळे सर्च केलं की कुठल्या काळातला कोड समोर येईल सांगता येत नाही. मायएसक्यूएल डेटाबेसची जी जुनी फंक्शन्स त्यात दिसतात ती २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मध्ये काढूनच टाकलीत. युजरचा इनपुट थेट डेटाबेसच्या क्वेरीत जोडलेला दिसला की ते पान बंद करा, पीडीओचं (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची सोय) प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे क्वेरी आणि इनपुट वेगवेगळे ठेवायची पद्धत, पहिल्या दिवसापासून शिका. पीएचपी ८ मध्ये तुलनेचे नियम बरेच सुधारलेत, आधी शून्य आणि 'अबक' समान धरायचे, आता नाही, तरी तीन बरोबरवाली तुलनाच (===, डेटाचा प्रकारही तोच आहे का बघणारी) वापरा.

लाइव्ह चॅटसारखं काही करायचं असेल तर नोडच घ्या, तिथे पीएचपी ओढूनताणून बसवू नका. बाकी डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट पुरतो, त्याचा सगळा डेटा एका फाइलमध्ये असतो, फक्त ती फाइल पब्लिक फोल्डरच्या बाहेर ठेवा, नाहीतर कोणीही डाउनलोड करेल.