म आणि नी काढून ठेवा: मुलांच्या वाद्यसंचाबद्दल

मुलगी चार वर्षांची आहे. इतक्यात क्लासला घालायचं नव्हतं, पण घरातच सूर-तालाची गोडी लागावी असं फार वाटत होतं. म्हणून ठाण्यात गोखले रोडवरच्या एका दुकानातून लहान मुलांचा वाद्यसंच आणला. झायलोफोन, खंजिरी, खुळखुळे आणि घुंगरांची पट्टी, सगळं मिळून ९०० रुपये. पैसे वसूल केले ते झायलोफोनने.

त्याच्या आठही धातूच्या पट्ट्या सुट्या निघतात. घेताना हे आधी बघा. स्क्रूने घट्ट आवळलेल्या पट्टीचा नाद दबतो आणि ती काढताही येत नाही. पांढरी एकच्या (पेटीवरच्या C पट्टीच्या) सापासून वरच्या सापर्यंत सगळे शुद्ध स्वर आहेत. त्यातले म आणि नी काढून ठेवले की उरतो भूप, पाच स्वरांचा राग. मग मुलाने काठी कुठेही मारली तरी कानाला खटकत नाही. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांच्या बालसंगीताच्या पद्धतीतही अशाच निघणाऱ्या पट्ट्या वापरतात. पट्ट्यांवर इंग्रजी अक्षरं होती, त्यावर आम्ही सा रे ग लिहून चिकटवलं. सासूबाई लहानपणी पेटी शिकलेल्या. त्या ‘सा रे ग’ म्हणून थांबतात आणि नात प शोधते. सापडला की एकदा आजीसाठी वाजवते, एकदा बाहुलीसाठी.

घुंगरांची पट्टी पायात बांधून आम्ही दादरा, म्हणजे सहा मात्रांचा ताल, खेळतो. मी पाटावर ‘धा धी ना, धा ती ना’ धरते. पहिल्या मात्रेला तिने पाय आपटायचा, चौथीला हात हवेत उघडायचा. खाली, म्हणजे टाळी न देता हात उघडायची मात्रा, वेगळी समजवावी लागलीच नाही. मी मध्येच थांबले की स्टॅच्यू! हळूच लय वाढवली की जी धांदल उडते आणि जे खिदळणं होतं, त्यासाठी तरी हा खेळ खेळाच.

तक्रार आहे ती वरच्या साची. तो चढा आहे, म्हणजे हवा त्यापेक्षा उंच लागतो. मोबाइलवर तानपुरा लावून पाहिला तेव्हा कळलं. दुकानात बदलून मागितला, तर “खेळणंच आहे ना ताई!” असं उत्तर मिळालं. मला हे अजिबात पटलेलं नाही. कान घडायच्या वयातच बेसूर कसा चालवून घ्यायचा? ती पट्टीही काढून टाकली. पाच स्वरांवर आमचं छान चाललंय. तुम्ही मात्र दुकानातच, पैसे देण्याआधी, पांढरी एकचा तानपुरा लावून एकेक पट्टी वाजवून घ्या.

खंजिरी कर्कश आहे, फ्लॅटमध्ये नकोच. खुळखुळ्याचा सांधा सैल वाटला. आत बारीक मणी आहेत, त्यामुळे तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नका. सुटं मिळत असेल तर झायलोफोन आणि घुंगरं एवढंच घ्या, आणि रबरी गोळ्याची काठी वेगळी मागा. सोबत येणाऱ्या प्लास्टिकच्या काठीने नुसतं टणटण वाजतं.