वर्दीनंतर फायनान्स: सीएफए, एमबीए, बँकेची परीक्षा की एनआयएसएम?

"सीएफए करू की एमबीए?" लष्करातून बाहेर पडून फायनान्समध्ये येऊ पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. (सीएफए म्हणजे गुंतवणूक विश्लेषणाची आंतरराष्ट्रीय परीक्षा.) सल्ला देणाराही ओळखीतल्या कुणाचं तरी उदाहरण देतो आणि एक नाव ठोकून देतो. माझ्या मते त्याआधी एकच गोष्ट विचारावी: पेन्शन आहे की नाही? हुद्दा, शाखा, शिक्षण हे सगळं त्यानंतर.

चाळिशीच्या आसपास घरी आलेला हवालदार घ्या. दर महिन्याला पेन्शन जमा होते, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेमुळे दवाखान्याचा घोर नाही. त्याला दुसरं उत्पन्न हवंय, पण ते उद्याच हवंय असं नाही. दहा किंवा चौदा वर्षांच्या शॉर्ट सर्व्हिस कमिशननंतर बाहेर पडलेल्या मेजरचं उलट असतं. पगार हवालदाराच्या कितीतरी पुढे होता, पण आता हातात ग्रॅच्युइटी आणि साठलेला फंड एवढंच, पेन्शन नाही. पस्तिशी आलेली, घराचा हप्ता चालू, मुलं शाळेत. त्याला वर्षभरात पगार सुरू व्हायलाच हवा. तिसरा अग्निवीर. वय पंचविशीच्या आतबाहेर, चार वर्षांच्या सेवेअखेर मिळणाऱ्या सेवा निधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये गाठीशी, पेन्शन नाही, पण वेळ भरपूर. या तिघांना एकच परीक्षा सुचवणारा माणूस बहुधा त्या परीक्षेचा क्लास चालवत असतो.

सीएफए की एफआरएम

ही तुलना मुख्यतः अधिकाऱ्यांसाठी, त्यातही इंजिनिअरिंग किंवा गणिताची पार्श्वभूमी असलेल्यांसाठी.

सीएफएच्या तीन पातळ्या. पहिल्या पातळीला १८० बहुपर्यायी प्रश्न आणि साडेचार तास. प्रत्येक पातळीला ३०० तासांच्या आसपास अभ्यास लागतो असं ही परीक्षा घेणारी संस्थाच सांगते. शुल्क डॉलरमध्ये, म्हणजे एका पातळीला लाख रुपयांच्या आसपास किंवा थोडं वरच धरा. पहिल्या पातळीला बसणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जण नापास होतात. आणि तिन्ही पातळ्या पार केल्या तरी नावापुढे चार्टर, म्हणजे अंतिम मान्यता, लावायला किमान ३६ महिन्यांत ४,००० तासांचा अनुभव दाखवावा लागतो, तोही गुंतवणुकीच्या निर्णयांशी जोडलेला. क्वार्टरमास्टर म्हणून कोटींचा साठा सांभाळला असेल, तरी तो अनुभव इथे बसवणं अवघड.

एफआरएम ही गार्प या संस्थेची जोखीम व्यवस्थापनाची परीक्षा. दोन भाग, पहिल्याला १०० प्रश्न, दुसऱ्याला ८०. पदवीची अट नाही. प्रमाणपत्र हाती पडायला दोन वर्षांचा संबंधित अनुभव लागतो. गणित कठीण आहे, पण अभ्यासाचा एकूण पसारा सीएफएपेक्षा आटोपशीर.

मेजरसाहेबांना माझा कौल एफआरएमला, आणि त्याचं कारण अभ्यासक्रमापेक्षा स्पर्धेत आहे. शेअर संशोधनाच्या टेबलावर तेवीस-चोवीस वर्षांची मुलं बसतात, सहा महिन्यांत एक्सेलमध्ये तरबेज होतात आणि कमी पगारात रात्री उशिरापर्यंत राबतात. तिथे पस्तिशीच्या माणसाला शून्यापासून रांगेत उभं राहावं लागतं. जोखमीच्या बाजूला चित्र वेगळं आहे. पुण्यात बार्कलेज, डॉइश बँक, बीएनवाय यांसारख्या परदेशी बँकांची मोठी कार्यालयं आहेत. कामकाजातली जोखीम, आपत्तीतही व्यवहार चालू ठेवण्याची तयारी, सायबर सुरक्षा, मनी लाँडरिंगविरोधी तपासणी अशी कामं तिथे चालतात. सिग्नल्स, म्हणजे लष्कराच्या संपर्क यंत्रणेच्या शाखेतल्या अधिकाऱ्याला "यंत्रणा कोलमडली तर पहिल्या तासात काय कराल?" असं विचारलं, तर त्याच्याकडे सांगण्यासारखं खरोखर काही असतं. हेच काम करायचं असेल तर मनी लाँडरिंगविरोधी कामासाठी कॅम्स आणि फसवणुकीच्या तपासासाठी सीएफई ही दोन प्रमाणपत्रंही पाहावीत. मिलिटरी पोलीस किंवा गुप्तवार्ता विभागात काम केलेल्यांनी तर आधी हीच पाहावीत. आपल्याकडे त्यांची चर्चा कमी होते, कारण त्यांचे क्लास गल्लोगल्ली नाहीत.

सीएफएची ओढ खरंच असेल तर पहिली पातळी वर्दीत असतानाच, रीतसर परवानगी घेऊन द्यावी. पास झालात तर मुलाखतीत "फायनान्सच का?" या प्रश्नाचं उत्तर तयार असतं. नापास झालात तरी पगार चालू असताना झालात.

आयआयएमचे सहा महिने की वर्षभराचं एमबीए

संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय, म्हणजे डीजीआर, अनेक आयआयएममध्ये अधिकाऱ्यांसाठी सुमारे सहा महिन्यांचे व्यवस्थापन अभ्यासक्रम चालवतं. शुल्काचा ६० टक्के भार डीजीआर उचलतं, उरलेले ४० टक्के अधिकाऱ्याने भरायचे. एवढ्या खर्चात आयआयएमचा शिक्का, सिव्हिलमधल्या भाषेची सवय आणि एकाच बोटीतले साठ-सत्तर सहकारी मिळतात. सौदा चांगला आहे.

फक्त हे एमबीए आहे असं घरच्यांना सांगू नका, कंपनीला तर नाहीच. ते प्रमाणपत्र आहे. त्यातून मिळणाऱ्या नोकऱ्या बहुतेक करून पुरवठा साखळी, प्रशासन, सुरक्षा, प्रकल्प व्यवस्थापन अशा असतात. फायनान्सच्या जागा त्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. हैदराबादची आयएसबी, अहमदाबादच्या आयआयएमचा पीजीपीएक्स, बंगळूरच्या आयआयएमचा ईपीजीपी यांसारखे वर्षभराचे पूर्णवेळ अभ्यासक्रम जास्त दारं उघडतात, पण त्यासाठी जीमॅट किंवा तत्सम परीक्षा द्यावी लागते आणि खर्च पंचवीस-तीस लाखांच्या वर जातो. पेन्शन नसलेल्या माणसाने ग्रॅच्युइटी मोडून किंवा कर्ज काढून तो करायचा तर आधी त्या संस्थेच्या माजी लष्करी विद्यार्थ्यांना गाठावं आणि एकच विचारावं: तुमच्या तुकडीतले लष्करातून आलेले किती जण खरोखर फायनान्समध्ये गेले? सरासरी पॅकेजचा आकडा या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

सरकारी बँकांमध्ये माजी अधिकाऱ्यांसाठी सुरक्षा अधिकाऱ्याची जागाही असते आणि ती मिळते लवकर. पगार बरा, मान बरा. पण तिथून कर्ज किंवा ट्रेझरी (बँकेचे स्वतःचे पैसे गुंतवणाऱ्या) विभागात सरकता येईल, या आशेवर ती घेऊ नये.

बँकेतली क्लार्कची खुर्ची की म्युच्युअल फंडाचा व्यवसाय

खरी निवड मला इथे दिसते, कारण अपशिंगे मिलिटरीपासून सैनिक टाकळीपर्यंतच्या सैनिकांच्या गावांत निवृत्त होऊन येणाऱ्यांत मोठी संख्या जवान आणि जेसीओंची (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) असते आणि त्यांच्यासाठी कुणी असे आढावे लिहीत नाही.

आधी बँक. सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीत माजी सैनिकांसाठी एकूण १४.५ टक्के जागा राखीव असतात. त्यात १० टक्के माजी सैनिकांसाठी आणि ४.५ टक्के अपंगत्व आलेल्या सैनिकांसाठी व शहिदांच्या अवलंबितांसाठी. वयात सेवेची वर्षं अधिक तीन एवढी सूट मिळते, कमाल मर्यादा ५०. पदवी नसली तरी पंधरा वर्षं सेवा झालेल्या मॅट्रिक जवानाला लष्कराच्या विशेष शिक्षण प्रमाणपत्रावर अर्ज करता येतो. परीक्षा मराठीतून देता येते आणि महाराष्ट्रातल्या जागांसाठी मराठी येणं ही अटच आहे, त्यामुळे आपल्या माणसाला तो वरचा गुण. २०२४ च्या वेतनकरारानंतर क्लार्कचं मूळ वेतन २४,०५० रुपयांपासून सुरू होतं, वर भत्ते आणि तुमची पेन्शन चालूच. रुजू झाल्यावर आयआयबीएफ या संस्थेच्या बँक कर्मचाऱ्यांसाठीच्या परीक्षा, आधी जेएआयआयबी आणि मग सीएआयआयबी, द्या. दोन्हींना वेतनवाढ मिळते आणि पदोन्नतीच्या वेळी उपयोग होतो. बाहेरच्या माणसाला या परीक्षा देता येत नाहीत, म्हणून "आधी जेएआयआयबी करा, मग बँकेत घेतील" असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे हे समजून घ्या.

दोन अडचणी. आरक्षण असलं तरी पूर्वपरीक्षा द्यावीच लागते: तासाभरात शंभर प्रश्न, चुकल्यास पाव गुण वजा. वीस वर्षं पुस्तकाला हात न लावलेल्या माणसाला सरावाला सहा-आठ महिने सहज लागतात. दुसरं, एकदा अशा नोकरीत रुजू झालात की पुढच्या भरतीत माजी सैनिक म्हणून आरक्षण साधारणपणे मिळत नाही. पहिली मिळेल ती घ्या, मग बदलू, हा हिशेब चालत नाही.

आता म्युच्युअल फंड. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने स्थापन केलेल्या एनआयएसएमची, म्हणजे रसायनीजवळच्या पाताळगंगेला जिचा कॅम्पस आहे त्या संस्थेची, व्ही-ए ही वितरकांसाठीची परीक्षा. शंभर प्रश्न, दोन तास, ५० टक्क्यांना पास, चुकीला गुण वजा नाहीत. शुल्क १,५०० रुपये आणि कर. महिनाभर मन लावून वाचलं तर होते. मग अँफी या म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेकडे नोंदणी करून क्रमांक घ्यायचा की झालात वितरक. फायनान्समध्ये शिरायचा यापेक्षा स्वस्त आणि सोपा रस्ता नाही.

सोपा आहे तो शिरायलाच. २००९ पासून ग्राहकाकडून प्रवेशशुल्क घेता येत नाही, २०१८ पासून आगाऊ कमिशनही बंद झालं. उरलं ते मुख्यतः ग्राहकाची रक्कम गुंतलेली असेपर्यंत दरवर्षी मिळणारं कमिशन. ते समजा पाऊण टक्का धरलं, तर महिना पन्नास हजार मिळवायला आठ कोटी रुपये तुमच्यामार्फत गुंतलेले असायला हवेत. गावातल्या दोनशे घरांचे प्रत्येकी चार लाख. एवढा विश्वास उभा राहायला पाच-सात वर्षं लागतात आणि तोवर घर पेन्शनवर चालतं. म्हणूनच पेन्शनवाल्या हवालदाराला हा व्यवसाय झेपतो, बिनपेन्शनच्या मेजरला नाही.

आणि एक गोष्ट स्पष्टच बोलायला हवी. तुमचे पहिले ग्राहक तुमच्याच पलटणीचे असणार. ग्रॅच्युइटी, कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेतल्याचे पैसे), फंड, रजेचे पैसे असे सगळे एकदम हातात आलेला सुभेदार "तू सांगशील तिथे टाकतो" म्हणतो. त्या वेळी त्याला वितरकाशिवाय घेता येणाऱ्या, कमी खर्चाच्या थेट योजनेबद्दल सांगितलं तर तुमचं कमिशन जातं. नाही सांगितलं आणि वर जास्त कमिशनची विमा योजना गळ्यात मारली, तर पुढच्या रेजिमेंटल रियुनियनला जाता येत नाही. ज्याला ही कुचंबणा नको, त्याने पदवी पूर्ण करून एनआयएसएमच्याच एक्स-ए आणि एक्स-बी परीक्षा द्याव्यात, सेबीकडे गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणी करावी आणि कमिशनऐवजी सल्ल्याची फी घ्यावी. नियमांचं ओझं मात्र तिथे बरंच आहे.

दोन्ही एकदम करता येत नाहीत. बँकेत लागलात की स्वतःच्या नावावर हा व्यवसाय चालवायला सेवानियमांची मनाई असते. घरात मुलगा-मुलगी शिकत असतील, स्थिर पगार हवा असेल, तर बँक. लोकांत उठबस असेल, गावात शब्दाला किंमत असेल आणि थांबायची तयारी असेल, तर म्युच्युअल फंड. लष्करात क्लार्कच्या ट्रेडला असलेल्यांनी बँकच घ्यावी, त्यांचं निम्मं प्रशिक्षण आधीच झालेलं असतं.

सीए, पण फक्त एकासाठी

चाळिशीच्या माणसाने सीएच्या वाटेला जाऊ नये. पदवीला ठरावीक टक्के असतील तर फाउंडेशन ही पहिली परीक्षा टाळून थेट पुढच्या इंटरमीडिएटला प्रवेश मिळतो हे खरं, पण लष्कराचं शिक्षण प्रमाणपत्र तिथे विद्यापीठाच्या पदवीच्या जागी चालत नाही. पुढे दोन वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली उमेदवारी, तीही मुलाच्या वयाच्या वरिष्ठाखाली आणि तुटपुंज्या विद्यावेतनावर.

अग्निवीराला मात्र मी सीएच सुचवेन. योजनेच्या मूळ अटींनुसार त्याला माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळे वरचं बँकेचं आरक्षण त्याच्या कामाचं नाही. त्याचं वय मात्र सीए करणाऱ्या मुलांच्याच आसपासचं. बारावी झालेली असेल तर फाउंडेशन देता येतं, जोडीला नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. चालू ठेवता येतं. संस्थेचं सगळं शुल्क मिळून लाखाच्या आसपास, क्लासचा खर्च वेगळा. निकाल कमी लागतात, पेपरांचा एखादा ग्रुप दोनदा-तीनदा द्यावा लागणार हे धरूनच चालावं. सेवा निधी चार वर्षांवर पसरला तर महिन्याला चोवीस हजारांच्या आसपास पडतात, म्हणजे पुण्यात खोली, मेस आणि क्लास भागतो. अट एवढीच की त्यातले पहिले तीन लाख बुलेटवर आणि चुलतभावाच्या ट्रॅक्टरवर जाता कामा नयेत.