जुन्या गाडीचा फ्युएल पंप: नुसती मोटर बदलावी की पूर्ण असेंब्ली?

पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या पेट्रोल गाडीचा फ्युएल पंप गेला की मेकॅनिक बहुधा दोन पर्याय पुढे ठेवतो. टाकीतला जुना सांगाडा तसाच ठेवून त्यातली मोटर तेवढी बदलायची, किंवा मोटर, जाळी, पेट्रोलचा दाब नेमका ठेवणारा प्रेशर रेग्युलेटर, पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारा फ्लोट आणि वरची चकती अशी पूर्ण असेंब्ली नवी बसवायची. मी हे दोन्ही एकाच गाडीवर, सव्वा वर्षाच्या अंतराने करून पाहिले आहे. गाडी 2004 सालची, छोटी हॅचबॅक, आणि दोनदा पुनर्नोंदणी करून आजही रोजच्या वापरात आहे. एका गाडीवरचा अनुभव सगळ्यांना लागू पडेलच असे नाही, हे मान्य करूनच लिहितो.

कार्बोरेटरच्या गाड्यांना हा प्रश्न पडत नसे. प्रीमियर पद्मिनी किंवा सुरुवातीची मारुती 800 यांचा पंप इंजिनाला बाहेरून लावलेला असे आणि उन्हाळ्यात घाटात पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडली की त्यावर ओले फडके टाकून लोक पुढे जात. साधारण 2000 सालापासून एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्या सर्रास झाल्या आणि पंप टाकीच्या पोटात गेला. तिथे तो पेट्रोलमध्ये बुडून सुमारे तीन बारचा दाब तयार करतो आणि त्याच पेट्रोलने थंड राहतो. म्हणूनच कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचे पंप लवकर थकतात, असे जुने मेकॅनिक सांगतात. माझीही सवय तीच होती.

माझ्या पंपाने पहिल्यांदा दगा दिला तो 2022 च्या मे महिन्यात, पुण्याहून साताऱ्याला जाताना, खंबाटकीच्या चढावर. भर दुपारची वेळ होती आणि टाकीत पाव भागही पेट्रोल नव्हते. तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबूनही गाडी ओढेना, दोन-तीन झटके बसले आणि इंजिन बंद पडले. सेल्फ व्यवस्थित फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हते. अर्ध्या तासाने, काहीही न करता, ती पहिल्या प्रयत्नात सुरू झाली. तापल्यावर बंद पडणे आणि निवल्यावर सुरू होणे हे थकलेल्या पंपाचे लक्षण खरे, पण क्रँक सेन्सर (इंजिनाचे फिरणे गाडीच्या संगणकाला कळवणारा) बिघडला तरी गाडी अशीच वागते. दोहोंतला फरक कानाने कळतो. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद जी बारीक घरघर येते, ती बंद पडलेल्या अवस्थेतही नेहमीसारखी येत असेल, तर संशय आधी सेन्सरवर घ्यावा. माझ्या गाडीत त्या अर्ध्या तासात ती अजिबात आली नाही.

तरीही घाईने पंपावर शिक्का मारू नये. फ्यूज, रिले, बाहेरचा फिल्टर आणि पंपाच्या कपलरला, म्हणजे वायरच्या जोडाला, मिळणारा व्होल्टेज, विशेषतः अर्थिंग, एवढे आधी पाहून घ्यावे, कारण गंजलेल्या अर्थिंगमुळे चांगला पंपही मेल्यासारखा वागतो. माझ्या मेकॅनिकने आणखी एक जुना उपाय केला. पुन्हा बंद पडलेली गाडी त्याच्या दारात उभी असताना मी सेल्फ मारत राहिलो आणि त्याने टाकीच्या बुडाला रबरी हातोड्याने हलके दोन ठोके दिले. गाडी सुरू झाली. मोटरचे ब्रश (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजून जागीच अडकत होते, हे त्यावरून कळले.

तेव्हा मी नुसती मोटर बदलण्याचा निर्णय घेतला. असेंब्लीची किंमत मोटरच्या जवळपास चौपट होती आणि अठरा वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च करावा का, हा विचार मनात होता. या पर्यायाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. मोटर कुठेही मिळते, पुण्यात नाना पेठेत तर दुकानागणिक मिळते. जुना फ्लोट जागेवरच राहत असल्यामुळे पेट्रोलचा काटा पूर्वीसारखाच दाखवतो. काम अर्ध्या दिवसात होते. गाडीची ओढ त्याच दिवशी परत आली, आणि त्यानंतरच्या सगळ्या प्रवासांत, खंबाटकी धरून, ती एकदाही रस्त्यात बंद पडली नाही. ताकदीच्या बाबतीत मला त्या मोटरविषयी तक्रार करता येणार नाही.

तक्रार होती ती सकाळची. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला रोज सात-आठ सेकंद सेल्फ मारावा लागे. चावी ऑन करायची, घरघर थांबेपर्यंत थांबायचे, बंद करायची, पुन्हा ऑन करायची आणि मग सेल्फ द्यायचा, असे केले तर मात्र ती चटकन सुरू होई. याचा अर्थ सरळ होता. पंप बंद झाल्यावर लाइनमधला दाब टिकून राहायला हवा, तो रात्रीतून उतरत होता, आणि पहिल्या दोन सेकंदांची घरघर लाइन पुन्हा भरण्यातच खर्च होत होती. ऐकायला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण घरातली गाडी एकटा माणूस चालवत नाही. माझ्या वडिलांना त्या दोनदा चावी फिरवण्याची सवय शेवटपर्यंत लागली नाही; ते पहाटे फिरायला टेकडीवर जाताना सेल्फ मारत राहत आणि तो लांबलचक आवाज मला अंथरुणात ऐकू येई. त्या आवाजाने प्रत्येक वेळी वाटे की आज गाडी सुरू होणार नाही. चौदा महिन्यांत बॅटरीही बदलावी लागली. तिचे वय झाले होते, हेही खरे, त्यामुळे सगळा दोष मी पंपावर टाकत नाही.

अखेर टाकी पुन्हा उतरवली. काही गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असते आणि पंप तिथूनच वर काढता येतो; माझ्या गाडीत ती सोय नाही. असेंब्ली बाहेर काढल्यावर कारण डोळ्यांसमोर आले. मोटर आणि वरची चकती यांना जोडणारी मूळची नळी नायलॉनची, कारखान्यात दाबून बसवलेली असते. मोटर बदलताना ती कापावी लागते. तिच्या जागी बोटभर लांबीचा साधा पेट्रोलचा पाइप क्लिपा आवळून घातलेला होता. हा पाइप आतून पेट्रोल वाहून नेण्यासाठी बनवलेला असतो, बाहेरून अहोरात्र पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी नव्हे. तो फुगून मऊ झाला होता, बोटाने दाबला तर दाबलेला तसाच राहत होता, आणि क्लिपेच्या कडेशी त्याला केसासारखी चीर गेली होती. बुडवून वापरण्याच्या दर्जाची नळी वेगळी मिळते. ती घातली असती तर कदाचित मी आज हा लेख वेगळा लिहिला असता. पण जुना रेग्युलेटर आणि त्याची रबरी ओ-रिंग तरीही अठरा वर्षांचीच राहिली असती, आणि दाब तिथूनही उतरू शकतो.

पूर्ण असेंब्लीतही उणिवा आहेत. ती मागवावी लागली आणि यायला नऊ दिवस लागले. नव्या फ्लोटमुळे काटा आता पाव टाकीवर असतानाच रिझर्व्हचा दिवा लावतो, हे मला अजून खटकते. बाजारात मूळ खोक्यासारख्या खोक्यात नकली मालही मिळतो, त्यामुळे ती अधिकृत विक्रेत्याकडूनच पक्क्या बिलावर घ्यावी. मात्र 2023 च्या पावसाळ्यानंतर ती बसवली, तेव्हापासून गाडी रोज सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, मग चावी कोणाच्याही हातात असो.

गाडी वर्षभरात विकायची किंवा भंगारात द्यायची असेल, तर बॉश किंवा डेन्सोसारख्या नावाची मोटर, नवी जाळी आणि टाकीत बुडवण्याच्या दर्जाची नळी, एवढ्यावर भागवणे मला चुकीचे वाटत नाही. फक्त नळी कोणती घालणार, हे मेकॅनिकला आधी विचारावे आणि हातात घेऊन पाहावे. पण पुनर्नोंदणी करून पुढची पाच वर्षे गाडी ठेवायची असेल, त्यातही तुमच्या गाडीची टाकी उतरवावी लागत असेल, तर ती एकदाच उतरवून पूर्ण असेंब्लीच बसवावी असे मी सुचवीन. आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि जुने रबर त्यात किती टिकेल याचा भरवसा मला तरी वाटत नाही.

काम कोणतेही करा, टाकी जवळपास रिकामी असताना गाडी गॅरेजला न्या. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवले की लाइनमधला दाब उतरतो. त्यानंतर बॅटरीची वायर काढायला सांगा, आणि टाकी उघडी असेपर्यंत तिथे कोणी विडी पेटवणार नाही, याकडे स्वतः लक्ष द्या.