विंडोजची ‘कॉम्पॅक्ट’ कमांड: काम चोख, बोलणं तुसडं

इचलकरंजीत सूत व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते मी. पार्ट्यांकडचे लॅपटॉप बहुतेक सेकंडहँड. आधीच्या मालकाने जागा पुरवायला डिस्क कॉम्प्रेस करून (म्हणजे फाइली दाबून लहान करून) ठेवली असेल, तर विकणारा ते थोडंच सांगतो? टॅलीसारख्या सतत लिहिल्या जाणाऱ्या फाइलींना कॉम्प्रेशन मानवत नाही, म्हणून मशीन हातात आलं की आधी तेच बघते.

सगळ्यांना माहीत असलेली जागा म्हणजे सी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि खाली ‘कॉम्प्रेस धिस ड्राइव्ह’ची चौकट. टिक नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. ती चौकट ड्राइव्हच्या सर्वांत वरच्या फोल्डरपुरतं सांगते. आतला एखादा फोल्डर स्वतंत्रपणे कॉम्प्रेस केलेला असू शकतो. विंडोज १० आणि ११ मध्ये अशा फाइलींच्या आयकॉनवर दोन निळे बाण दिसतात (जुन्या विंडोजमध्ये नावंच निळी व्हायची). पण हजारो फाइलींत बाण कोण शोधत बसणार!

इथे ‘कॉम्पॅक्ट’ कामाला येते. विंडोजमध्येच असते, डाउनलोड नाही, जाहिराती नाहीत. कमांड प्रॉम्प्ट (टाइप करून हुकूम द्यायची काळी खिडकी) उघडून हव्या त्या फोल्डरमध्ये जायचं, कॉम्पॅक्ट टाइप करून एंटर. प्रत्येक फाइलचा खरा आकार, डिस्कवरचा आकार, आणि कॉम्प्रेस्ड असेल तर नावाआधी सी हे अक्षर. शेवटी एकूण किती फाइली कॉम्प्रेस्ड आणि किती नाहीत, याची बेरीज. मला सर्वांत आवडते ती वरची ओळ: या फोल्डरमध्ये येणाऱ्या नव्या फाइली कॉम्प्रेस होणार की नाही, ते ती आधीच सांगून टाकते. आतले फोल्डरही हवे असतील तर पुढे स्लॅश देऊन एस.

विंडोज १० पासून आणखी एक भानगड आहे. विंडोज स्वतःच्या सिस्टीम फाइली वेगळ्या पद्धतीने दाबून ठेवू शकते, त्याला ना टिक ना बाण. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि कॉम्पॅक्टनंतर स्लॅश, ‘कॉम्पॅक्टओएस’, कोलन, ‘क्वेरी’ असं लिहा, तेही कळतं. त्या प्रकाराला मी हात लावत नाही, तो बिनत्रासाचा असतो.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो दिसण्यासाठी. मोठ्या फोल्डरवर चालवली की ओळींचा पूर येतो आणि हवी ती ओळ वर निघून जाते. स्लॅश देऊन क्यू जोडला की बडबड कमी होते, पण हे हेल्प वाचल्याशिवाय कुणाला कळणार? शिवाय ही कमांड फक्त एनटीएफएस या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर चालते, फॅट३२ या जुन्या पद्धतीच्या पेनड्राइव्हवर नाही.

फोल्डरमधल्या फाइलींचं कॉम्प्रेशन काढायचं असेल तर स्लॅश देऊन यू, आणि सोबत स्लॅश देऊन एस. आधी मोकळी जागा मात्र बघून घ्या, फाइली फुगणार आहेत.